दहा नामांइतका वेळ

९ मे

नापास.

निरीक्षक भला माणूस. पाठाचा शेरा वाचून दाखवताना त्याचाच आवाज खाली गेला. विषयाची तयारी उत्तम, मुलांशी जिव्हाळा उत्तम, परंतु चाळीस मिनिटांत मुलांनी स्वतः काय केले ते दिसले नाही. मग कागद बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, सगळं तुम्हीच केलंत हो."

खरे आहे. पेन्सिल पडली — मी उचलली. टोक मोडले — मी करून दिले. एकीची वही घसरत होती, ती धरली, आणि धरल्या धरल्या तिच्या ओळीही मीच आखून टाकल्या. दुसऱ्या एकीचा हात अडला तेव्हा माझा हात तिच्या हातावर कधी गेला, मला कळलेसुद्धा नाही. एकोणतीस वर्षे या वॉर्डात मुले उचलतो, त्यांची कूस बदलतो, भरवतो, पुसतो. पोर अडले की पुढे व्हायचे, एवढेच हाताला ठाऊक. याच हातांचे लोक आजवर कौतुक करत आले. आज तेच आड आले!

घरी सांगितले. ही म्हणाली, हात-पाय धुऊन घ्या आधी.

१० मे

पहाटे उठून देवापुढे बसलो. काही मागितले नाही. काय मागावे ते सुचेना.

कशासाठी हे सगळे चालले आहे, ते एकदा लिहून ठेवतो. मलाच विसर पडू नये म्हणून.

आमच्या वॉर्डाच्या टोकाला एक खोली आहे. तिथे शाळा भरते. महिनोन्महिने इथे पडून असलेली मुले, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी पलंगासकट. एक बाई, एक फळा, एक कपाट. दहा वर्षांमागे बाई आजारी पडल्या आणि दोन महिने खोलीला कुलूप होते. तेव्हा मुले छताकडे बघत पडायची. एकाला विचारले, काय करतोस रे? म्हणाला, पंख्याची पाती मोजतो. पाती तीन. तीनच मोजून पोराने किती मोजायचे?

बाई निवृत्त झाल्या की ती जागा भरायला शिकवण्याचा परवाना आणि एम.ए. दोन्ही असलेला माणूस हवा. नसेल तर खोली जुन्या फायली ठेवायला जाणार, असे कार्यालयातल्या कारकुनाने स्पष्टच सांगितले. बाहेरून कुणी अर्ज करत नाही. मी बाहेरून बी.ए. केले, त्याला सात वर्षे लागली. मग हा एम.ए.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम — सकाळी सात ते तीन वॉर्ड, संध्याकाळी आणि रविवारी विद्यापीठ. आता पाठ बुडाला म्हणजे वर्ष बुडाले. आणि बाई निघाल्या म्हणजे वर्ग बुडाला.

दुपारी हेच तोंड घेऊन बाईंपुढे उभा राहिलो. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या मेपर्यंत आहे मी. पाठ पुन्हा द्या. प्रबंधही तोवर होईल."

मी समजत होतो त्या याच वर्षी निघणार. माझाच हिशेब चुकला होता म्हणायचा. देवा, एवढी चूक पदरात पडली, फार झाले.

३ जून

बाईंचा पहिला धडा: वर्गात हात पाठीमागे. एक मनगट दुसऱ्या हाताने धरायचे. आज पाऊण तास तसा उभा राहिलो. मुलांना वाटले मला शिक्षा झाली आहे. एकीने विचारलेही, "मामा, काय केलंत तुम्ही?"

२२ जून

प्रबंधाचे मार्गदर्शक सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ते खोलीत आले की मी उठतो. मी उठलो की ते बसत नाहीत. आज दोघेही बराच वेळ उभे. शेवटी शिपायाने दारातून विचारले, मीटिंग संपली का? तेव्हा हसू आले आणि दोघे बसलो.

विषय ठरला. मूल अडले की मोठ्या माणसाने किती वेळ थांबावे, आणि थांबला तर मूल आपले आपण किती करते. सरांना आवडला. म्हणाले, पुस्तकातला नाही, तुमचा आहे. मी सांगितले, माझाच आहे, मी त्यातच नापास झालो.

३० जून

मोजायचे कसे, ही अडचण. वॉर्डात मनगटी घड्याळ चालत नाही, हात कोपरापर्यंत मोकळे हवेत असा नियम. भिंतीवरचे घड्याळ माझ्या पाठीशी. पण मोजायची सवय तर मला लहानपणापासून आहे. मूल अडले की मनात नाम घ्यायचे. दहा नामे होईपर्यंत हात मागेच. दहाच्या आत मूल पुढे सरकले तर बरोबरची खूण. नाही सरकले तर मग मी पुढे होणार. तास संपला की वहीत नोंद.

देवाचे काम आणि अभ्यास एकत्रच. मनाला बरे वाटले.

१९ जुलै

आज नोंदी अठरा. पाय दुखतात.

११ ऑगस्ट

वॉर्डात नवी मुलगी आली. नऊ वर्षांची. मेंदूज्वरातून वाचली, पण उजवा हात ऐकत नाही. बोलणे मात्र साठी उलटल्यासारखे. गादी कडक आहे म्हणून सिस्टरना सुनावले, "आमच्या वेळी असं नव्हतं." सिस्टरनी विचारले, तुमच्या वेळी म्हणजे कधी गं? तर म्हणे, "मी पहिलीत होते तेव्हा." नाव पडले — आजीबाई. तिला ते मान्य आहे.

डाव्या हाताने लिही म्हटले की रागावते. उजवा कामाचा आहे, म्हणते, जरा रुसलाय.

तिची आई आठवड्यातून एकदा येते. दूर राहते. जाताना लेकीचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसते. मी त्या वेळी उगाच पलीकडची खिडकी पुसत राहतो.

७ सप्टेंबर

रविवार. ही स्वयंपाक करता करता मला संदर्भग्रंथ वाचून दाखवते, मी टिपणे काढतो. तिचे शिक्षण आठवी, पण वाचन माझ्याहून स्वच्छ. आज मध्येच पुस्तक मिटून म्हणाली, "या माणसाला एक वाक्य संपवायला चार वेळा श्वास घ्यावा लागतो. याच्या बायकोचं कसं होत असेल?" पुढची दोन पाने त्या बिचाऱ्या बाईच्या काळजीतच गेली.

२ ऑक्टोबर

गावची शाळा आठवली. एक खोली, चार इयत्ता, एक गुरुजी. आम्ही पहिलीतले, पण चौथीचे गणित कानावर पडायचे. गुरुजी चौथीला शिकवत असायचे तेव्हा आमच्याकडे पाठ. आम्ही पाटीवर चुकायचो, पुसायचो, पुन्हा चुकायचो. कुणी हात धरायला येत नव्हते. तेव्हा वाटायचे, गुरुजींचे आपल्याकडे लक्षच नाही. आता वाटते, लक्ष नसणे आणि हात न लावणे या दोन गोष्टी बाहेरून एकसारख्याच दिसतात. मुलाला यातला फरक कसा कळत असेल? सरांना विचारायला हवे. कदाचित पुस्तकात नसेल.

१४ नोव्हेंबर

साडेचार महिन्यांच्या नोंदींचे कोष्टक सरांना दाखवले. त्यांनी बारकाईने पाहिले. मग एका रकान्यावर पेन टेकवून विचारले, हे दहा — दहा काय?

मी सांगितले, नामे.

सरांचे पेन रकान्यावरच राहिले. मला वाटले समजले नाही, म्हणून पद्धत समजावून सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवले, तोंडावरून हात फिरवला. हसत नव्हते, रागावलेही नव्हते. म्हणाले, "काका, एकक सेकंदात लागतं." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून काका गेले. लगेच सावरून म्हणाले, तुमचं एक नाम किती सेकंदांचं ते काढा, म्हणजे गुणून टाकता येईल.

मोठा धोंडा डोक्यावरून उतरला. गुणाकारच करायचा आहे.

१५ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातले घड्याळ हातात घेऊन ही समोर बसली. संसाराला चोवीस वर्षे झाली, पण हे काम नवीन, म्हणाली. मी डोळे मिटून दहा नामे घेतली. वीस सेकंद. पुन्हा वीस. तिसऱ्यांदा एकवीस, कारण तिला हसू आवरेना आणि मला ते ऐकू येत होते.

एक नाम, दोन सेकंद. सरांना कळवले. ते म्हणाले, घरी ठीक, पण एकदा प्रत्यक्ष वर्गातही पडताळा. बाईंना विचारले. मागच्या खुर्चीतून भिंतीवरचे घड्याळ दिसते. मूल अडल्यापासून माझा हात पुढे होईपर्यंत किती सेकंद गेले, तेवढेच त्या टिपणार.

५ डिसेंबर

बाईंनी तीन आठवड्यांचा कागद हातात ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली. बसा, म्हणाल्या.

बाकीची मुले: वीस, एकवीस, एकोणीस, बावीस. आजीबाई: नऊ. आठ. नऊ. एकदा सात.

मी म्हणालो, असे होणारच नाही. दहा म्हणजे दहाच घेतो मी, तिच्या वेळीही दहाच. कमी कधी घेतली नाहीत. बाई म्हणाल्या, कमी घेतली असं मी कुठे म्हणते?

तेव्हा समजले. ती पेन्सिल धरते, हात थरथरतो, खालचा ओठ दातात जातो — आणि माझे नाम धावत सुटते. दहाच असतात. पण धावणारी! चार महिने मी वहीत प्रामाणिकपणे दहा लिहीत होतो आणि त्या पोरीला निम्माही वेळ देत नव्हतो. जिला सगळ्यांत जास्त हवा होता, तिलाच.

६ डिसेंबर

सकाळी देवापुढे बसवेना. त्याचेच नाव घेऊन मी माप मारले. दुकानदार तरी वजनात मारतो, मी कशात मारले!

हिला सांगितले. ती भांडी विसळत होती. हातातले भांडे पालथे घालून म्हणाली, "लेकरू अडलं की हाक घाईनेच जाते. त्याला कळतं ते. घड्याळाला कळत नाही, एवढंच."

मग बसलो.

१२ डिसेंबर

सरांनी सगळे ऐकून घेतले. कोष्टक असे लावता येणार नाही, म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, अगदी हळू: त्या एका मुलीच्या नोंदी वगळल्या तर बाकीचं नीट बसतं. वीस सेकंद सरासरी. अठरा मुलं पुरतात. मार्चला प्रबंध देता येईल.

माझ्या भल्यासाठीच बोलत होते. नव्याने सुरुवात केली तर मार्च गाठता येईल का, याची खात्री त्यांनाही नाही. मार्च हुकला की मे हुकला, आणि खोलीत फायली.

विचार करून सांगतो म्हटले.

१३ डिसेंबर

दिवसभर विचार केला. वगळायचे म्हणजे काय, तर ती या वर्गात नव्हतीच असे लिहायचे.

दुपारी ती जिन्याजवळ खुर्चीत बसली होती. मला म्हणाली, "मामा, आज चेहरा का पाडलाय? पगार नाही झाला का?"

सरांना फोन केला. नव्याने मोजतो.

५ जानेवारी

वर्गाची तोंडे फिरवली. आता फळा पलीकडे आणि घड्याळ माझ्या समोर, मुलांच्या डोक्यांवर. पलंग ओढायला सिस्टर आल्या, कुरकुरल्या, पण आल्या.

नाम घ्यायचे नाही, काट्याकडे पाहायचे. आजीबाईंचा हात अडला. पाच सेकंद. आठ. इथे आधी मी पुढे होत असे. नऊ. दहा. बारा. मनगट इतके दाबून धरले होते की नंतर वळ दिसले. वीस. तिने एक रेघ ओढली. वाकडी, पण तिची.

आयुष्यात इतके लांब वीस सेकंद पाहिले नव्हते.

२७ जानेवारी

तिच्या नोंदी: पहिल्या आठवड्यात दहापैकी तीन वेळा आपली आपण. या आठवड्यात सहा.

१६ फेब्रुवारी

आज तोल गेला.

चौथे प्रकरण तीनदा लिहिले, तीनदा सरांनी परत दिले. मांडणी सुटते आहे. दिवस उरले पंचवीस. दुपारी बाईंना म्हटले, एकदा बसून दुरुस्त करून द्या. त्यांना अर्धा तास पुरला असता. त्यांनी पाने चाळली, परत दिली. "तुम्हाला येईल," एवढेच.

मी बोलून गेलो, "तुमचं काय जातंय बाई? मे आला की तुम्ही सुटलात. अडकणार मी आणि ही पोरं."

त्या फळा पुसत होत्या. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

१७ फेब्रुवारी

क्षमा मागितली. कशाची, असे विचारून त्यांनी विषय बदलला. उलट मेल्यासारखे झाले.

चौथे प्रकरण पुन्हा काढले. धावलेल्या नामांची गोष्ट आधी घातली, जशी घडली तशी. मग कोष्टक. मग एकाएकी ओळीमागून ओळ येत गेली. म्हणजे मला येत होते. बाई बरोबर होत्या, याचा जरा रागही आला.

११ मार्च

प्रबंध दिला. एकशे सहा पाने. हिने वजन करून पाहिले — हातावर घेऊन.

१६ एप्रिल

पाठ झाला.

निरीक्षक तोच. विषय: अर्धा आणि पाव, कागदाच्या घड्या घालून. मुले नऊ. बाई मागे.

बाकीच्यांच्या घड्या झाल्या. आजीबाईंनी कागदाची दोन टोके जुळवली, हात थरथरला, टोक निसटले. पुन्हा जुळवले. घडी पडली, पण तिरकी, एक भाग मोठा. माझे डोळे काट्यावर. वीस झाले. नियमाने आता पुढे व्हायला हरकत नव्हती. पण ती कागदाकडे पाहत होती. हरलेल्या माणसासारखी नाही, भांडणाऱ्या माणसासारखी. मग मी काट्याकडे पाहणे सोडले आणि तिच्याकडे पाहिले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. खरेच माहीत नाही. नाम चालू होते की नाही, तेही आठवत नाही.

तिने घडी उलगडली. "हे अर्धं नाही," म्हणाली. "एकाला जास्त मिळालंय. भांडणं होतील." पुन्हा घातली. या वेळी कोपराने एक कड दाबून धरली. ही युक्ती मी शिकवली नव्हती. कुणीच नव्हती. शेजारच्या मुलीने ती पाहिली आणि आपली पावाची घडी तशीच कोपराने दाबली.

निरीक्षकाने काहीतरी लिहिले. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. उन्हाने डोळ्यांना पाणी येते, असे नंतर म्हणाल्या. ढगाळ होते.

८ मे

पास. परवाना मिळणार. तोंडी परीक्षाही झाली, एम.ए. पूर्ण.

आजीबाईंना सांगितले. तिने फार विचार केला. आता मामा म्हणायचं की सर, हा प्रश्न. शेवटी "मामासर" ठरवले, आणि घरी सोडतील तेव्हा पत्र लिहीन म्हणाली, उजव्या हाताने, पण घाई करायची नाही.

हिने देवापुढे दिवा लावला आणि माझ्याकडे पाहिलेच नाही बराच वेळ. मग म्हणाली, उद्यापासून पुस्तकं मी वाचणार नाही हां. मग म्हणाली, एखादं वाचेन.

२९ मे

बाईंचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मुलांना नेहमीसारखे पाढे विचारले, कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि पर्स उचलून निघाल्या. जिन्यापर्यंत गेलो. किती तरी बोलायचे होते. एवढेच म्हणालो, सावकाश जा. उतरताना त्यांनी कठडा धरला. त्यांचे वय झाले आहे, हे मला त्या वेळी प्रथम दिसले.

१ जून

रुजू झालो. कार्यालयात कारकुनाने वर्गाची नोंदवही पुढे केली, आधीच्या शिक्षिकेच्या नावाखाली सही करा म्हणाला. बाईंच्या नावापुढे निवृत्तीची तारीख पाहिली आणि त्याला सांगितले, साल चुकले आहे, एक वर्ष आधीचे पडले आहे.

चुकलेले नाही, म्हणाला. बाई गेल्या वर्षीच्या मेमध्येच निवृत्त झाल्या. त्याने शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवले. "स्वतःच्या विनंतीवरून पुढील एक वर्ष, विनावेतन." खाली त्यांची सही. सहीखाली तारीख — मी नापास झालो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.